चार भागांची फ्रेंच शांसाँ तंबोऱ्यावर बेसूर का वाटते?

प्रश्न (रत्नागिरी): गणपतीनंतरच्या कार्यक्रमासाठी फ्रेंच रचनाकार क्लोदँ द सर्मिसीची 'तां क विव्रे' ही शांसाँ (चार आवाजांनी एकत्र गायचं फ्रेंच गाणं) बसवतोय. आठ जण, भजनी मंडळातलेच. प्रत्येक भाग वेगळा गायला तर सुरात, एकत्र तंबोरा-पेटीवर मात्र खटकतं.

उत्तर (वेंगुर्ला): तंबोरा आधी बंद करा. इथे आधारस्वर बदलत राहतो. रे-म-ध एकत्र आले की खालचा सा-प त्यांच्याशी भांडणारच. पेटी फक्त सुरुवातीचा सूर द्यायला. तिचा ग स्वयंभू गांधारापेक्षा (तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ग) सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि भजनी गळा नेमका तो स्वयंभू ग लावतो. दोन्ही एकदम, म्हणजे खरखर. प्रत्येक भागाला दोघे ठेवा, चाल वरच्या भागात आहे, तो दबू देऊ नका.

उत्तर (मालवण): मींडही काढा! ओळीच्या शेवटी एक आवाज मागे रेंगाळतो, क्षणभर टोचतो, मग एक सूर खाली उतरतो. घसरत उतरलात तर टोचणं आणि सुटणं दोन्ही गेलं.

लय शब्दांची: सुरुवातीला एक लांब, दोन आखूड, चारही भाग बहुतेक एकदम. 1528 मध्ये पॅरिसला आतँयाँ या मुद्रकाने छापलेल्या शांसाँत ही ठेवण वारंवार दिसते. त्याच काळातला रचनाकार जानकँ याच्या पक्ष्यांच्या गाण्यांतली धावाधाव इथे नाही. तबला नकोच, समेवर जोर पडून कवी मारोचे शब्द मोडतात. 'आलियांस'सारख्या शब्दांचा शेवटचा मुका स्वर हलकासा उच्चारा, नाहीतर एक सूर रिकामा राहतो.

प्रश्नकर्ता: मग पट्टी?

उत्तर (वेंगुर्ला): खालच्या भागाच्या सर्वात खालच्या सुरावरून ठरवा, वरच्यावरून नाही.