पार्किंगपेक्षा पुराच्या पाण्याचं आधी विचारा

गाडी लावायला जागा नाही म्हणून जुन्या नाशकात घर घेऊ नये, असं या चर्चेत एकाने म्हटलंय, ते मला पटत नाही. आमच्या वाड्यातून सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली सगळं पायी दहा मिनिटांत. आईचे गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन येताना ती भाजी घेऊनच येते. सोसायटीत राहायला गेली असती तर तिचं हे फिरणं केव्हाच थांबलं असतं.

पण पुराचं इथे कुणीच लिहिलं नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्या गल्लीत नदीपात्रातल्या मारुतीच्या मूर्तीवरून एकच प्रश्न असतो, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?' पाणी मारुतीच्या कमरेच्या वर चढायला लागलं की सराफ बाजाराकडे नजर लागते. २ ऑगस्ट २०१६ ला तिथे पाणी शिरलं होतं. आमचं दगडी जोतं उंच, तरी जिन्याखालच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ अजून आहे, चुना दोनदा मारूनही वर येते. लाकडी खांबही खालून फुगला, तो बदलायला जुना सुतार शोधावा लागला. घर बघायला जाल तेव्हा जिन्याखाली वाकून ती रेघ बघा, आणि शेजारच्या आजींना विचारा.