मदत हवी आहे: बाथरूममधले प्लॅस्टिकचे पार्ट सारखे का फुटतायत?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला राहतो. गेल्या वर्षभरात एकाच बाथरूममध्ये तीन लफडी झाली. फ्लश टाकीच्या तळाचं रबर दोनदा बदललं. काढलं तेव्हा ते इतकं मऊ झालं होतं की बोटांना काजळासारखं काळं लागलं, साबणानेही निघेना. मग जेट स्प्रेचा खटका मोडला. आणि गेल्या मंगळवारी पहाटे टाकीला पाणी देणाऱ्या कनेक्शन पाईपचा प्लॅस्टिकचा नट चिरला. जाग आली तेव्हा पाणी हॉलपर्यंत आलं होतं. खालच्या काकांच्या पीओपीवर डाग पडलाय. भला माणूस, अजून नुसता चहा पिता पिता विषय काढतात.

प्लंबर म्हणतो, "मॅडम, टँकरचं खारं पाणी, सगळ्यांकडे होतं." पण पाणी अख्ख्या इमारतीला तेच, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बसवलेले पार्ट अजून शाबूत आहेत!

फरक शोधला तर एकच सापडतो, सफाई. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग मला बघवत नाहीत. त्यामुळे टाकीत क्लोरीनची गोळी, कमोडला अ‍ॅसिडवालं क्लीनर, लादीला ब्लीच, वर पांढरं फिनेल. बाटल्या कमोडच्या मागे, त्या पाईपला चिकटूनच असतात. झाकण कधी लावलेलं, कधी नुसतं ठेवलेलं.

यातलं नक्की काय नडतंय? अ‍ॅसिड म्हणावं तर ते प्लॅस्टिकच्याच बाटलीत येतं. पितळी नट लावला तर तो टिकेल का? (कृपया "प्लॅस्टिक वापरूच नका" सांगू नका. आमचे वेस्ट पाईप सगळे पीव्हीसीचे आहेत.)

प्रतिसाद १

ताई, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये नोकरी झाली, म्हणून लिहितो. तुमच्याकडे तीन पार्ट गेलेत आणि तिघांचे गुन्हेगार वेगळे दिसतात.

रबर गेलं ते गोळीने. रात्रभर फ्लश होत नाही, तेव्हा टाकीतल्या पाण्यात क्लोरीन साठत जातं आणि ते रबराला खातं. काळं लागणं ही त्याचीच खूण.

नटाचं मात्र वेगळं. तो टाकीच्या बाहेर असतो, गोळीचं पाणी त्याला लागतच नाही. पांढरे, गुळगुळीत, दणकट वाटणारे नट बरेचदा अ‍ॅसिटल नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. पीव्हीसी, पॉलिप्रॉपिलीन आणि बाटल्यांचं पॉलिथिलीन कमोडच्या अ‍ॅसिडला दाद देत नाहीत. बाटली टिकते ती त्यामुळे, आणि तुमचे वेस्ट पाईपही. अ‍ॅसिटल मात्र अ‍ॅसिड आणि क्लोरीन, दोन्हींपुढे हळवं. अमेरिकेत पॉलिब्युटिलीन पाईपांना अ‍ॅसिटलचे जोड लावून घरंच्या घरं बांधली गेली. नळाच्या पाण्यातल्या किंचित क्लोरीनने ते ठिसूळ झाले, फुटले, आणि १९९५ मध्ये कोर्टात ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तुमच्या नटावर तर बाटलीतलं ओघळत असणार.

त्यात प्लंबरने पान्ह्याने आवळला असेल तर बघायलाच नको. चीर आट्याच्या मुळाशी आहे का बघा. असे नट हातानेच घट्ट करायचे, वर फार तर पाव फेरा. आत वायसर असतो, पाणी तो अडवतो.

जेट स्प्रे बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा, वरून क्रोम. एबीएसवर ताण असताना पाइन तेल लागलं की बारीक चिरा पडतात, आणि पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा तेच असतं.

फुटलेला नट टाकला नसेल तर पाण्यात सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला. एबीएस आणि नायलॉन वर येतात, अ‍ॅसिटल आणि पीव्हीसी तळालाच राहतात. जाळून बघू नका, धूर वाईट असतो.

प्रतिसाद २

नट राहू दे, आधी त्या बाटल्या वेगळ्या करा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र सांडले तर क्लोरीन वायू होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

पाईपवरची स्टीलची जाळीही बघा. उघड्या बाटल्यांच्या वाफेने स्टीलला गंज धरतो, तारा तुटतात आणि आतली नळी फुगून फुटते. पितळी नटाला थोड्याफार ओघळाने लगेच काही होणार नाही, पण जाळी गेली तर नट पितळी असून काय उपयोग?

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नट मिठाच्या पाण्यातही बुडाला. चीर आट्याच्या मुळाशीच आहे. नव्या पाईपच्या जाळीवर आठवड्याभरातच दोन तपकिरी ठिपके आलेत, म्हणजे नवरा म्हणत होता तसा माल खराब नव्हता, जागा खराब होती. अ‍ॅसिड आता गॅलरीत गेलंय, ब्लीच ड्राय बाल्कनीत. पितळी नटाचा पाईप उद्या आणते.

काकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते काही न बोलता आत गेले आणि त्यांच्या टाकीतली गोळी चिमट्यात धरून बाहेर आले. ती आता टाकायची कुठे?