म्हातारा कुत्रा रात्रभर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, काय करावं?

कपाशीवाली

नमस्कार. कळंब तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यातून लिहिते आहे. प्रश्न आमच्या भुऱ्याचा आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०१२ च्या पावसाळ्यात तो आमच्या वावरातल्या विहिरीत पडला होता. एवढंसं पिल्लू, कपारीला चिकटून कुंई-कुंई करत होतं. आमच्या ह्यांनी बादली सोडली तर आपणहून बादलीत चढला. तेव्हापासून घरचाच. पुढे बारा वर्षं त्यानं ह्यांच्यासोबत रात्रीची जागल केली. रानडुकरं तुरीत शिरली की आधी भुऱ्या धावायचा, मग आमचा टॉर्च लागायचा. माझा मुलगा त्याच्या पाठीला धरून उभं राहायला शिकला.

आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कानानं कमी ऐकू येतं, मागचे पाय लटपटतात. ते वयाचं आहे, समजतं. पण चार महिन्यांपासून रात्रीचं वेगळंच सुरू झालं आहे. एक-दीडला उठतो, सपरीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला नाक लावून उभा राहतो आणि तिथूनच भुंकतो. मागे फिरायचं त्याला सुचतच नाही. मी जाऊन वळवलं की येतो, अर्ध्या तासात पुन्हा तिथंच. मधूनच घरात लघवी करतो. पाणीही हल्ली फार पितो, भरून ठेवलेला गंज दुपारपर्यंत रिकामा.

सासूबाईंना आधीच झोप कमी, त्या वैतागल्या आहेत. शेजारचे म्हणतात पिसाळला आहे, दूर सोडून या. एका पाहुण्यांनी तर हायवेवरचा ढाबा सुचवला. ज्यानं आमचं वावर राखलं, त्याला डोळे गेल्यावर हायवेवर सोडायचं? माझ्याच्यानं ते होणार नाही, हे आधीच सांगते.

आमच्याकडून एक चूक झाली, तीही लिहिते. पाय दुखत असतील म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी भाकरीत घालून तीन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि डांबरासारखी काळी संडास. सलाईन लावून कसाबसा वाचला. ती रात्र मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून काढली. कोणीही माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नका.

आणखी एक. मार्चमध्ये नागपूर-तुळजापूर हायवेवर गाडीनं उडवलेली एक कुत्री मुलानं घरी आणली. पांढरीफटक, म्हणून तिचं नाव बोंडी. मागचा एक पाय वाकडा जुळला, बाकी चांगली टवटवीत आहे. ती भुऱ्याच्या अंगावर उड्या मारते, तो गुरगुरतो. दोघांना एका घरात कसं सांभाळावं? घरात आम्ही चौघं, कापूस वेचणी तोंडावर आली. तुमच्याकडे कामाची वाटणी कशी असते?

हिंगणघाटचा भाऊ

ताई, आमच्या घरी बी असाच बुढा होता, शेरू. पयले तं घरातलं सामान इकडचं तिकडे करू नोका. आंधळ्या कुत्र्याच्या डोक्यात सारं घर बसलेलं रायते. आमी एक दिवस बाज सरकवली, तं बिचारा थेट तिच्यावर आपटला. कोपऱ्यात अडकते म्हनता, तं पोत्यात कुटार भरा अन् त्या कोपऱ्यातच आडवं टाका. मंग तो तेथपर्यंत जाईनच नाई. रात्री एक बारका बल्ब चालू ठेवजा.

खाली टाईल्स असन तं पोते हातरा. घसरून घसरून पाय अजून जाते. अन् नखं पाहा बरं. बुढ्या कुत्र्याचं चालनं कमी, म्हून नखं झिजत नाई. शेरूचं एक नख वाढून पंज्यात घुसलं होतं, आमी महिनाभर समजत होतो का संधिवात हाय.

आमच्या घरी सकाळचं बायको पाहे, दुपारचं माय, रात्रीचं मी. पोट्ट्याकडे फक्त पानी. पोट्ट्याले एकच काम द्या, पन रोजचं द्या.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, मी तिथंच थांबलो: पाणी फार पितो. म्हाताऱ्या कुत्र्याची तहान आणि लघवी दोन्ही वाढली की आधी मूत्रपिंड आणि मधुमेह तपासायचा असतो. तेव्हा तो डोकं चालत नाही म्हणून घरात लघवी करतो, असं धरून बसू नका. आयबुप्रोफेननं पोटात जखमा होतात तसा मूत्रपिंडालाही मार बसतो. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हे वाढतं) आणि साखर, सोबत लघवी, एवढी तपासणी करून घ्या. आणि लघवी थांबावी म्हणून त्याचं पाणी तोडू नका. हे मी मुद्दाम लिहितो, कारण बहुतेक घरांत पहिलं तेच करतात.

कुत्र्याला चालणारी वेदनाशामकं वेगळी असतात. ती वजनावर मोजून आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहूनच द्यायची. तालुक्याला तपासणी होत नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. पण गाडी करण्याआधी १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय नंबरवर फोन लावून जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचं विचारा.

भिंतीपुढे उभं राहण्याबद्दल. म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो तसा मेंदूचा आजार कुत्र्यालाही होतो. दिवसा झोपणं, रात्री भटकणं, कोपऱ्यात अडकणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. तो बरा होत नाही, पण दिवसाची झोप मोडली तर रात्र सुधारते. ऊन उतरल्यावर त्याला हळूहळू फिरवा, झोपण्याआधी दहाच्या सुमारास पुन्हा एकदा बाहेर न्या.

शेजाऱ्यांना सांगा, रेबीजची लक्षणं दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत दगावतो. तुमचा चार महिन्यांपासून असाच आहे, म्हणजे तो पिसाळलेला नाही. तरी दरवर्षीची रेबीजची लस म्हातारा झाला म्हणून सोडू नका. आणि आंधळा कुत्रा दचकून चावू शकतो, तेव्हा अंगाला हात लावण्याआधी त्याला तुमचा वास घेऊ द्या. कोणाला दात लागलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

लघवीनं ओल्या पोत्यावर पडून राहिला की माशी बसते आणि किडे पडतात. शेपटीखाली आणि मांड्यांच्या मधे रोज पाहायचं, केस बाजूला सारून.

बोंडीची नसबंदी करून घ्या. नसबंदी न झालेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होतो. तशा बऱ्याच कुत्र्या मी उशिरा आलेल्या पाहिल्या आहेत. दोघांची ताटली वेगळ्या जागी ठेवा. म्हाताऱ्याला एक कोपरा असा द्या की तिथं ती शिरणार नाही.

सोयाबीनवाला

वाईट वाटून घेऊ नका, पण यंदासारख्या वर्षी कुत्र्याच्या रक्तासाठी नागपूरला गाडी करणं मला पटत नाही. जगला तेरा वर्षं. सुई देऊन मोकळं करा त्याला.

कपाशीवाली

वाईट नाही वाटलं. यंदा आमचंही सोयाबीन पाण्यात गेलं, एक-एक रुपया मोजूनच घर चाललं आहे. म्हणून गाडी नाही करत. इथंच रक्त काढून बर्फाच्या डब्यात नळी ठेवून एसटीनं यवतमाळला नेता येईल का, ते डॉक्टरांना विचारते. पण तो अजून माझ्या पायांचा आवाज ओळखतो, चुलीजवळ येऊन बसतो. त्याला सुई द्यायची वेळ आली असं मला वाटत नाही.

मेळघाटची ताई

सुईबद्दल मी लिहिते, कारण आम्ही ते केलं आहे. आमच्या काळीनं शेवटी खाणं सोडलं होतं, उठता येत नव्हतं, कूस बदलली तरी कळवळायची. त्याआधी दीड महिना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करत होते. आपणहून खाल्लं, शेपूट हलवली, तर टिक. दिवस वाईट गेला तर फुली. आपण रोज पाहतो ना, त्यामुळे घसरण लक्षात येत नाही. शेवटच्या आठवड्यात सातही फुल्या होत्या. डॉक्टर घरी आले, आधी भुलीची सुई दिली, ती झोपली, मग दुसरी. मुलांना मी सांगितलं होतं, ज्याला थांबायचं त्यानं थांबा. दोघंही थांबले. भुऱ्याचं आत्ता तसं काही दिसत नाही. पण आजपासून खुणा करा, म्हणजे पुढे घरात वाद होणार नाही.

कपाशीवाली

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

रक्त इथंच काढलं, नळी ह्यांनी यवतमाळला नेली. साखर ठीक आहे, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हणजे काकांनी बरोबर ओळखलं होतं. डॉक्टरांनी मटणाचे तुकडे बंद केले, पाण्याचे दोन गंज ठेवायला सांगितले, आणि पायांसाठी मूत्रपिंडाला सोसेल असं वेगळं औषध दिलं. ती गोळी मी भाकरीच्या मऊ पापुद्र्यात गुंडाळून देते. नुसती दिली तर पाच मिनिटांनी गालातून बाहेर काढून ठेवतो.

कोपऱ्यात कुटाराचं पोतं टाकलं. पहिल्या रात्री त्यानं त्यावर डोकं टेकवलं आणि तसाच झोपला. आता आठवड्यातून दोन-तीनदाच उठतो. नखंही कापली. पुढच्या डाव्या पंज्याचं नख खरंच वळलेलं होतं, भाऊ.

वाटणी अशी झाली. पहाटेचं माझं, पाणी मुलाचं, रात्री दहाचं ह्यांचं. संध्याकाळच्या फिरवण्याला कोणी नव्हतं, कारण त्या वेळी आम्ही वावरातच असतो. एक दिवस घरी आले तर सासूबाईंनी त्यांचं जुनं लुगडं मधोमध फाडलेलं. त्याची चौपदरी घडी करून भुऱ्याच्या पोटाखालून घातली होती. दोन्ही टोकं वर धरून त्या त्याचं मागचं अंग उचलत होत्या आणि तो पुढच्या पायांनी निंबापर्यंत चालत होता. मला म्हणाल्या, "पोटाखाली गाठ मारू नको, रुतते." आता रोज साडेपाचला तो स्वतःच त्यांच्या बाजेजवळ जाऊन उभा राहतो. बोंडी मागून येते, उड्या मारत नाही, लुगड्याचं लोंबणारं टोक तोंडात धरून चालते.

कॅलेंडरवर या महिन्यात आतापर्यंत चौदा टिक, तीन फुल्या.

बोंडीचं ऑपरेशन सोमवारी आहे. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भोंगं घालायला सांगितलं आहे. ते घालून ती पाणी कसं पिणार, की त्याऐवजी मुलाचं जुनं बनियन घातलं तर चालेल? कोणी केलं असेल तर रविवारच्या आत सांगा.