पल्स ८४, बीपी ९८/७४: व्हॉल्यूम (रक्तवाहिन्यांतलं रक्त-पाणी) कमी आहे की नाही?

एमओ_मोहोळ: सोलापूरच्या मे महिन्यातली नेहमीची केस धरा. वय ६२, सकाळपासून जुलाब-उलट्या, मेटोप्रोलॉल (ठोके मंदावणारी गोळी) चालू, जुना ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ३५ टक्के, म्हणजे हृदय कमजोर. शॉक इंडेक्स (पल्स भागिले वरचा बीपी) ०.८६. सोनोग्राफीत आयव्हीसी (पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) १.१ सेंमी, श्वास घेताना निम्म्याहून जास्त दबते. आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) किती द्यायचं आणि कशावर ठरवायचं?

कॅज्युअल्टी_नाईट: पल्सवर जाऊ नका, मेटोप्रोलॉलमुळे ती फारशी वाढत नाही. म्हणजे शॉक इंडेक्सही फसवा. पल्स प्रेशर (वरचा बीपी वजा खालचा) बघा: २४, सिस्टोलिकच्या, म्हणजे वरच्या बीपीच्या, पावपट. स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त) पडल्याची ही खूण. सोबत कॅपिलरी रिफिल: बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा, रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर लांबलेला. एसीच्या गार खोलीत आणलेल्या पेशंटचा मात्र उगाच लांबतो. कोरड्या जिभेला फार किंमत देऊ नका, म्हातारी माणसं तोंडाने श्वास घेतात.

प्रोबवाला: आयव्हीसीबद्दल सावध राहा. धापा टाकणाऱ्याची आयव्हीसी व्हॉल्यूम ठीक असतानाही दबते. शिवाय घाईत शेजारची एओर्टाच (मुख्य धमनी) मोजली जाते. नस उजव्या एट्रियमला (हृदयाचा वरचा उजवा कप्पा) मिळताना दिसली पाहिजे, हिपॅटिक व्हेन (यकृताची शीर) तिला मिळताना दिसली तर उत्तमच. दबलेली आयव्हीसी म्हणजे 'सलाईन लागेलच' असं नाही.

त्यापेक्षा पॅसिव्ह लेग रेज करा. आधी पाठ ४५ अंश वर ठेवून व्हीटीआय (हृदयाच्या इकोवर दर ठोक्याच्या रक्तप्रवाहाचं माप) घ्या. मग कॉटच्या हँडलने धड आडवं, पाय ४५ अंश वर, आणि एका मिनिटाच्या आत पुन्हा व्हीटीआय. १० टक्क्यांहून जास्त वाढला तर पेशंटला फ्लुइडचा उपयोग होईल. पाय हाताने उचलू नका. दुखलं की पल्स-बीपी चढतं आणि सगळं मोजमाप बिघडतं. नुसता बीपी बघून निकाल देऊ नका. पोट फुगलेलं असेल तर 'वाढला नाही' या उत्तरावरही विसंबू नका.

कॅज्युअल्टी_नाईट: आणि ईएफ ३५ ला किलोमागे ३० मिलीचा सरसकट हिशेब नको. २५० मिली आरएल १०-१५ मिनिटांत, मग व्हीटीआय, रिफिल आणि फुप्फुसात बी-लाईन्स (सोनोग्राफीत फुप्फुसातलं पाणी दाखवणाऱ्या रेघा) बघा. सुधारला आणि छाती स्वच्छ, तर पुढचे २५०. बी-लाईन्स वाढल्या तर थांबा, मग गरज पडली तर नॉरएड्रेनालिन (बीपी वाढवणारं औषध).

लघवी किलोमागे तासाला ०.५ मिली हवी, पण डाययुरेटिक किंवा ग्लिफ्लोझिनच्या (दोन्ही लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर लघवीचा आकडा फुकट.

प्रोबवाला: शौच काळी होते का, हे विचारलंत ना? रक्तस्राव असेल तर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन ठीकच दिसतं. तसा संशय आला तर ग्रुपिंग-क्रॉसमॅच (रक्त चढवण्याआधीची जुळणी) आधी पाठवा, आणि सिव्हिल हॉस्पिटलला फोन लगेच.