कर्सर जागेवरच असतो, तरी दर सेकंदाला पुन्हा काढला जातो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने रात्री जेवणं उरकली की मी सी भाषेत एक छोटा टेक्स्ट एडिटर लिहीत बसते. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत चालणारा, मराठी नीट लिहिता यावं म्हणून. एका गोष्टीने मात्र जीव मेटाकुटीला आलाय.

सुरुवातीला दर वेळी कळ दाबली की कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात लकाकून परत यायचा. तेवढं मी निस्तरलं. पूर्ण पडदा पुसणं बंद केलं, प्रत्येक ओळीचा फक्त शेपटाकडचा भाग पुसते, सगळा मजकूर एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवून एकाच राइटने, म्हणजे एका दमात पाठवते, आधी कर्सर लपवते आणि शेवटी दाखवते. घरच्या लॅपटॉपवर छान चाललं.

मग सुट्टीत गुहागरला गेले. तिथून मोबाईलच्या नेटवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करायची सोय) जोडलं, तर काहीही न टाइप करता कर्सर दर सेकंदाला गायब! एसट्रेस (प्रोग्राम सिस्टीमकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून पाहिलं तेव्हा कळलं. खालच्या पट्टीत मी घड्याळ ठेवलंय. १०:४२:०७ चं १०:४२:०८ होतं, म्हणजे बदलतो एक आकडा. त्यासाठी मी २४ ओळी गुणिले ८० रकाने, अशी १,९२० घरं पुन्हा पाठवत होते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे एवढा ऐवज एका पॅकेटमध्ये (नेटवरून जाणाऱ्या एका गठ्ठ्यात) मावत नाही. पहिलं पॅकेट कर्सर लपवतं, दाखवणारं मागून रेंगाळत येतं.

उपाय माहीत आहे. जुना पडदा आणि नवा पडदा असे दोन तक्ते ठेवायचे, ताडून पाहायचे, फरक असेल तेवढाच पाठवायचा आणि फरक नसेल तर कर्सरला हातच लावायचा नाही. एनकर्सेस या पडदा रंगवणाऱ्या लायब्ररीतलं डूअपडेट हे फंक्शन हेच करतं.

अडलंय ते देवनागरीपाशी. ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी, अशी चार चिन्हं. ती किती घरं व्यापतात याबद्दल डब्ल्यूसीविड्थ (चिन्हाची रुंदी सांगणारं फंक्शन) एक सांगतं आणि टर्मिनल दुसरंच करतं. मग त्या अक्षरानंतर कर्सर नेमका कुठल्या रकान्यात आहे यावर भरवसाच राहत नाही, आणि जागा पक्की करायला कर्सर पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. जे टाळायचं तेच वाढतं! टर्मिनललाच जागा विचारता येते, पण उत्तर येईपर्यंत थांबायचं तर गुहागरच्या नेटवर टाइप करणं नकोसं होतं.

तर जाणकारांना विचारते :

तुलना घराघराने करावी की अख्ख्या जोडाक्षराने? ज्या ओळीत देवनागरी आहे ती बदलली की पूर्ण ओळच पाठवावी आणि बाकीच्या ओळींत घरं ताडावीत, असा मधला मार्ग मला सुचतोय. कुणी करून पाहिलाय का? आणि सिंक्रोनाइज्ड आउटपुट, म्हणजे सगळे बदल पडद्यावर एकदम दाखवायला सांगणारा २०२६ क्रमांकाचा मोड, टर्मिनलला ठाऊक नसेल तर तो नुसता दुर्लक्षिला जातो की पडद्यावर कचरा उमटलेला कुणी पाहिलाय?

घड्याळच काढून टाक, असं कृपया सुचवू नका. रात्री ते बघूनच मी उठते.