मदत हवी आहे: कपाटांच्या माथ्यावरचा चिकट थर कमी श्रमात कसा काढावा?

वार्षिक साफसफाईत आम्ही आधी माळे व पंखे आणि शेवटी फरशी असा क्रम पाळतो, गाणी लावतो, त्यामुळे मुलेही आनंदाने हातभार लावतात. मात्र स्वयंपाकघरातील कपाटांच्या माथ्यावर, जिथे तेलकट वाफ आणि धूळ मिळून बोटाला रबरासारखा लागणारा थर बसतो, तिथे सगळ्यांचा उत्साह मावळतो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पाहिला, खाण्याच्या सोड्याचा लेपही दिला. थर सुटतो, पण घासून घासून हात भरून येतात. घरात दम्याचा रुग्ण असल्याने उग्र वासाची द्रावणे चालणार नाहीत. कपाटे लॅमिनेटची आहेत, त्यामुळे तारेची घासणी नको आणि कडांतून पाणी मुरून आतला भुसा फुगायलाही नको. अशा वेळी साबणाचे ओले फडके किती वेळ पसरून ठेवावे, आणि नंतर वर कागद अंथरल्याने पुढच्या वर्षीचे काम खरोखर हलके होते का?