शेड, डेपो, आगार की कारखाना? (किल्मार्नॉकच्या इंजिनांसाठी)

विचारणा

स्कॉटलंडच्या एअरशर भागातल्या किल्मार्नॉक या शहरावर लेख लिहिते आहे. गालिचे, जॉनी वॉकरची व्हिस्की आणि रेल्वेची इंजिनं यांसाठी हे शहर एके काळी नावाजलेलं होतं. अडचण इंजिनांच्या भागात येते. माझ्यासमोरच्या मजकुरात शेड, डेपो आणि वर्क्स हे शब्द आलटूनपालटून येतात. सगळीकडे ‘आगार’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘पग’ नावाचं छोटं इंजिन येतं, त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, सगळीकडे एकच शब्द घालू नका, लेखातली निम्मी माहिती त्यातच जाईल.

शेडमध्ये इंजिन काम संपवून परत येतं. मग राख पाडायची, कोळसा-पाणी भरायचं, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. पहाटेच्या गाडीसाठी आदल्या रात्रीच विस्तव पेटवायचा, कारण थंड बॉयलरमध्ये वाफ तयार व्हायला कित्येक तास लागतात. ड्रायव्हर-फायरमन हजेरीही तिथेच लावतात. किल्मार्नॉकजवळचं असं शेड हर्लफर्डला होतं. ब्रिटिश रेल्वेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेच्या, काळात त्याचा क्रमांक ६७ बी होता आणि इंजिनाच्या तोंडावर, स्मोकबॉक्सच्या दारावर, तो लिहिलेली छोटी लंबगोल पाटी असायची. इंजिन कुठल्या शेडचं, हे फलाटावरून नुसतं बघून सांगता यायचं.

वर्क्स म्हणजे कारखाना. तिथे इंजिन घडतं, किंवा पार सुटं करून पुन्हा जोडलं जातं. असे दोन कारखाने खुद्द शहरात होते. एक ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा, १८५६ सालचा, स्वतःच्या मार्गावरच्या इंजिनांसाठी. दुसरा अँड्र्यू बार्कले यांचा कॅलेडोनिया वर्क्स. हा खाजगी, खाणी आणि कारखाने यांच्यासाठी इंजिनं बनवून विकणारा. या दोघांतला फरक लेखात जरूर यावा. विशेषनाम असेल तिथे ‘वर्क्स’ तसंच ठेवा, एरवी ‘इंजिन कारखाना’ लिहा.

आणखी एक प्रतिसाद

‘आगार’ इतक्या सहज बाद करू नये असं मला वाटतं. आपल्या एसटीत हाच भेद मराठीत रुळलेला आहे. आगारात गाडी मुक्कामाला येते, धुतली जाते, डिझेल भरते, चालक-वाहक तिथूनच कामगिरीवर निघतात. मोठ्या कामांसाठी दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा आहे. शेड म्हणजे आगार आणि वर्क्स म्हणजे कार्यशाळा, ही जोडी कामाच्या दृष्टीने नेमकी बसते.

पहिल्या प्रतिसादकाकडून

जोडी बसते, हे मान्य. पण आगार म्हटलं की मराठी वाचकाला लाल गाडीच दिसते. रेल्वेतली आपली माणसं कल्याणची ‘लोको शेड’ म्हणतात, परळचं ‘वर्कशॉप’ म्हणतात. ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी होती त्यांच्या तोंडचा शब्द हाती असताना दुसरीकडून का आणायचा? समजावून सांगण्यासाठी एसटीचं उदाहरण एकदा जरूर द्या, मजकुरात मात्र शेड ठेवा.

‘डेपो’ला काळाचा संदर्भ आहे. वाफेची इंजिनं होती तोवर तिकडे ‘शेड’ हाच बोलीतला शब्द होता. कागदोपत्री तेव्हाही ‘मोटिव्ह पॉवर डेपो’ असायचं, पण डिझेल आल्यावर देखभालीच्या जागांसाठी ‘डेपो’ हाच शब्द रुळला. स्कॉटलंडमधल्या मुख्य मार्गांवर वाफ १९६७ मध्ये संपली. त्याआधीचं लिहिताना शेड, नंतरचं लिहिताना डेपो, एवढं सांभाळलं तरी पुरे.

आता ‘पग’. हा स्कॉटलंडमधला खास बोलीतला शब्द आहे. खाणीत, पोलाद कारखान्यात, गोदीत डबे इकडून तिकडे ढकलणारं चार चाकांचं ठेंगणं इंजिन म्हणजे पग. चाकं जवळजवळ असल्यामुळे कारखान्याच्या आवारातली तीव्र वळणं ते सहज घेतं. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, म्हणून ‘सॅडल टँक’. बार्कलेंच्या कारखान्याचं नाव मुख्यतः याच इंजिनांमुळे झालं. मी ‘पग’ तसंच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘शंटिंगचं छोटं इंजिन’ असा खुलासा जोडीन.

टाकीला ‘खोगीर टाकी’ म्हणायला माझी हरकत नाही, जरी ‘खोगीरभरती’ची आठवण कुणाला होईल. आकार डोळ्यांपुढे आणायचा तर दार्जिलिंगचं ‘बी’ वर्गाचं इंजिन सांगा. तेही चार चाकांचं आणि खोगीर टाकीचंच, आणि १८८९ पासून त्यांतली पहिली इंजिनं शार्प स्टुअर्ट कंपनीने ग्लासगोतच बांधली. त्याला पग मात्र म्हणू नये. पग हे आवारात राबणाऱ्या इंजिनाचं नाव, आणि दार्जिलिंगचं इंजिन प्रवासी घेऊन डोंगर चढतं.

विचारणाऱ्या ताईंकडून

खूप आभार. बार्कलेंच्या यादीत ‘फायरलेस’ इंजिनंही आहेत. त्यांचं काय करू?

तिसरा प्रतिसाद

‘बिनआगीचं इंजिन’ लिहा. आपण गाडीलाच आगगाडी म्हणत आलो, त्यामुळे हा शब्द मराठीत पटकन पोचतो. पण कसं चालतं ते एका वाक्यात सांगाच: कारखान्याच्या स्थिर बॉयलरमधून दाबाखालची वाफ इंजिनाच्या टाकीतल्या गरम पाण्यात भरून घ्यायची, आणि दाब उतरेपर्यंत काम करायचं. ठिणगी उडत नाही, म्हणून स्फोटकं आणि कागद यांच्या कारखान्यांना ते सोयीचं. नाहीतर वाचक विजेचं इंजिन समजेल.

शेडच्या लिंगाबद्दलही सांगतो. ‘ती शेड’ आणि ‘ते शेड’ दोन्ही कानावर येतं, वर याच चर्चेत दोन्ही आलं आहे. तुम्ही एक धरा आणि लेखभर तेच ठेवा. मी ‘ती’ धरेन, कारण कल्याणकडची रेल्वेची माणसं मी तसंच बोलताना ऐकली आहेत.